हिंडेनबर्ग पेटलं तेव्हा कोणाला काय दिसलं? अपघाताच्या तपासात प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी कशा वापरतात

अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचं विमान कोसळलं आणि थोड्याच वेळात वाहिन्यांवर प्रत्यक्षदर्शींची रांग लागली. कुठल्याही मोठ्या अपघातानंतर हेच होतं. एक जण सांगतो, आधी स्फोट झाला आणि मग पडलं. दुसरा सांगतो, आधी पडलं आणि मग स्फोट झाला. दोघंही शपथेवर बोलायला तयार असतात. पुढे तपास यंत्रणेचा अहवाल येतो, तेव्हा त्यात दोघांपैकी कोणाचंच म्हणणं जसंच्या तसं नसतं. वाचणाऱ्याला वाटतं, साक्षीदार तरी खोटारडे किंवा अहवाल तरी.

बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. साक्षीदाराला अपघाताचं कारण दिसत नाही. त्याला एका जागेवरून, एका क्षणी, एका दिशेला काहीतरी दिसतं. तपास करणाऱ्याला त्याच्याकडून तेवढंच हवं असतं: जागा, क्षण, दिशा आणि घटनांचा क्रम. बाकीचं, म्हणजे ‘इंजिनात स्फोट झाला’ किंवा ‘घातपातच होता’, हे साक्षीदाराने नंतर लावलेले अर्थ असतात.

हे नीट कळायला आजच्या विमानापेक्षा जुनं एअरशिप सोयीचं. तिथे ब्लॅक बॉक्स नव्हता. होता तो जळका सांगाडा, हवामानाच्या नोंदी आणि माणसांचे डोळे. म्हणून ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टला जळालेलं जर्मन एअरशिप हिंडेनबर्ग घेऊ.

## आधी जहाजाची रचना

एअरशिप म्हणजे हवेपेक्षा हलक्या वायूवर तरंगणारं आणि इंजिनांच्या जोरावर पुढे जाणारं जहाज. हिंडेनबर्गची लांबी २४५ मीटर होती आणि सर्वांत जाड भागाचा व्यास ४१ मीटर. आत अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा आणि त्यावर रंग दिलेलं कापड. सांगाड्याच्या पोटात १६ प्रचंड पिशव्या होत्या. त्यांत मिळून सुमारे २ लाख घनमीटर हायड्रोजन मावायचा. पिशव्यांचे क्रमांक शेपटीकडून सुरू होत, म्हणजे १ नंबरची पिशवी अगदी शेवटी. सांगाड्याच्या गोल कड्यांनाही क्रमांक होते आणि ते शेपटीकडच्या एका ठरावीक बिंदूपासूनच्या मीटरमध्ये मोजलेले. ‘६२ नंबरची कडी’ म्हणजे त्या बिंदूपासून ६२ मीटर पुढे.

हे क्रमांक लक्षात ठेवा, कारण अख्ख्या चौकशीचा जीव त्यांत होता. आग ‘मागे’ लागली हे शाळकरी पोरालाही दिसलं होतं. ४ नंबरच्या पिशवीत की १ नंबरच्या, वरच्या बाजूला की खालच्या, हा खरा प्रश्न होता. पिशवीत बंद असलेला शुद्ध हायड्रोजन पेटत नाही. तो बाहेर येऊन हवेत मिसळावा लागतो. म्हणजे ज्या जागी आग पहिल्यांदा दिसली, तिथे किंवा जवळपास आधी गळती झालेली असणार. ती जागा सापडली की कारणांची अर्धी यादी आपोआप गळते.

## शेवटची १६ मिनिटं

हिंडेनबर्ग ३ मेच्या संध्याकाळी फ्रँकफर्टहून निघालं होतं. जहाजावर ९७ माणसं होती, ३६ प्रवासी आणि ६१ कर्मचारी. समोरच्या वाऱ्यामुळे उशीर झालेला, त्यात लेकहर्स्टला वादळी पाऊस. दुपारी येऊनसुद्धा त्याला परत किनाऱ्याकडे जाऊन थांबावं लागलं.

संध्याकाळी ७.०९ वाजता, खाली दोर धरणारी माणसं तयार नाहीत म्हणून त्याने डावीकडे मोठं वळण घेतलं. ७.१७ च्या सुमारास वाऱ्याने दिशा बदलली, म्हणून दुसरं आणि अधिक तीव्र वळण घ्यावं लागलं. याच दरम्यान शेपूट जड झाल्याचं लक्षात आलं. समतोलासाठी नेलेलं पाणी तीन वेळा सोडलं, आधी ३०० किलो, मग पुन्हा ३००, मग ५००. तेवढ्यानेही भागलं नाही, म्हणून सहा जणांना वजनासाठी नाकाकडे पाठवलं. ७.२१ ला सुमारे ९० मीटर उंचीवरून दोर खाली टाकले. ७.२५ ला आग. पहिल्या ज्वाळेपासून जहाज जमिनीवर पडेपर्यंत अर्ध्या मिनिटाहून फार जास्त वेळ गेला नाही. सर्वसाधारणपणे ३४ सेकंद धरतात. जहाजावरचे ३५ आणि जमिनीवरचा एक कर्मचारी मिळून ३६ जण गेले.

यातलं शेपूट जड होणं ही साक्ष नव्हे, ती कृतीची नोंद आहे. पाणी कधी आणि किती सोडलं हे नियंत्रण कक्षातल्यांनी सांगितलं आणि ते एकमेकांशी जुळलं. मागचा वायू कमी झाला असेल तर शेपूट जड होणारच. पावसाने भिजलेल्या कापडाचं वजन हेही कारण असू शकतं, त्यामुळे एवढ्यावर गळती सिद्ध होत नाही. पण पुढच्या साक्षी तपासून पाहायला एक पक्की खुंटी मिळते.

## कोण कुठे उभं होतं

अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने नेमलेल्या मंडळाने १० मे रोजी लेकहर्स्टलाच सुनावणी सुरू केली. घटनेनंतर चौथ्या दिवशी. जर्मनीहूनही ह्यूगो एकनर यांच्या नेतृत्वाखाली वेगळा तपास आयोग आला. साक्षीदारांचे गट पाडले तर चित्र असं दिसतं.

नियंत्रण कक्ष जहाजाच्या पुढच्या भागात, पोटाखाली होता. कॅप्टन माक्स प्रूस आणि इतर अनुभवी अधिकारी तिथे होते. सगळ्यांत जाणकार माणसं, आणि आगीच्या सुरुवातीबद्दल सगळ्यांत निरुपयोगी साक्षीदार. त्यांना झटका जाणवला आणि प्रथम वाटलं की दोर तुटला. जहाजाची पाठ त्यांना दिसूच शकत नव्हती.

जमिनीवर डाव्या पुढच्या दोराच्या तुकडीचा प्रमुख होता आर. एच. वॉर्ड. त्याला आगीच्या आधी डाव्या बाजूचं कापड लाटेसारखं थरथरताना दिसलं. जागाही त्याने नेमकी सांगितली, ६२ आणि ७७ या कड्यांच्या मधली. तिथे ५ नंबरची पिशवी होती. जहाज उतरल्यावर ज्याला बांधून ठेवतात त्या मनोऱ्यावर उभ्या असलेल्या अँट्रिमनेही डाव्या बाजूच्या मागच्या इंजिनापलीकडे कापड फडफडताना पाहिलं.

लेकहर्स्टच्या नौदल तळाचे प्रमुख चार्ल्स रोझेंडाल यांना पहिली ज्वाळा वर, शेपटीच्या उभ्या पंखाजवळ दिसली. डाव्या बाजूच्या बऱ्याच जणांना आग वरच्या पंखाच्या थोडी पुढे, ४ आणि ५ नंबरच्या पिशव्यांमधून वायू बाहेर जाण्याच्या वाटेजवळ दिसली. त्याच बाजूचे काही म्हणाले, आधी डाव्या आडव्या पंखाच्या पुढे. उजव्या बाजूच्या एकाने सांगितलं की आग खालून आणि पार मागून, १ नंबरच्या पिशवीपाशी सुरू झाली.

राहिले जहाजाच्या आत, खालच्या पंखात असलेले चौघे. शेपूट आधी जमिनीला टेकली आणि हे चौघेही वाचले. त्यांतला हेल्मुट लाउ हा सुकाणू धरणारा. त्याने दबका आवाज ऐकला, गॅसची शेगडी पेटवताना येतो तसा, आणि वर पाहिलं. त्याच्या जबानीनुसार ४ नंबरच्या पिशवीच्या आत, तिच्या पुढच्या पडद्यावर तेजस्वी उजेड दिसत होता, लालसर-पिवळा. पिशवी फुटली नाही, उष्णतेने नाहीशी झाली. मग आग उजव्या बाजूला झेपावली आणि शेजारच्या पिशव्या पेटल्या.

माझ्या मते या साऱ्या चौकशीतली सर्वांत मोलाची साक्ष हीच. एक तर तो आत होता. दुसरं म्हणजे पिशवीचा क्रमांक त्याला अंदाजाने सांगावा लागला नाही, रोजच्या कामामुळे तो पाठच होता. तिसरं, त्याने क्रम सांगितला: आवाज, उजेड, पिशवी जाणं, मग शेजारच्या पेटणं. आणि कारण सांगायचा मोह टाळला.

## मग सगळे वेगवेगळं का सांगत होते?

चाळीला आग लागली तर रस्त्यावरचे म्हणतात ‘दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ज्वाळा आल्या’ आणि मागच्या बोळातले म्हणतात ‘मोरीच्या खिडकीतून’. कोणीच खोटं बोलत नाही. आग मधल्या खोलीत लागलेली असते आणि प्रत्येकाला ती आपल्या बाजूने बाहेर पडली तेव्हा दिसते.

हिंडेनबर्गचं हेच झालं. ४१ मीटर जाडीच्या, अपारदर्शक कापडाने झाकलेल्या वस्तूच्या आत लागलेली आग बाहेरून दिसते ती कापड जाळून किंवा वायूच्या वाटेने बाहेर आल्यावर. डावीकडच्याला ती एका जागी, उजवीकडच्याला दुसऱ्या जागी, आणि कदाचित एक-दोन सेकंदांच्या अंतराने. लाउ तर म्हणतोच की आतून ती उजवीकडे गेली. त्यामुळे उजव्या बाजूचा साक्षीदार ‘खाली आणि मागे’ म्हणतो तेव्हा त्याला खोटं पाडायची गरज नसते. त्याने आगीचं तोंड पाहिलं, उगम नाही.

आता थोडं गणित. माणसाने बोट करून दाखवलेली दिशा ५ अंशांनी चुकणं अगदी सहज होतं. २०० मीटरवरून ५ अंश चुकले की जागा सुमारे १७ मीटरने सरकते. हिंडेनबर्गच्या मागच्या भागात ४ किंवा ५ नंबरच्या पिशवीची लांबी १५ मीटर होती. म्हणजे मैदानात उभा असलेला प्रामाणिक, सावध माणूससुद्धा एका पिशवीने चुकणार. एक किलोमीटरवरच्या फाटकाबाहेरचा माणूस ८७ मीटरने, म्हणजे जहाजाच्या एक तृतीयांश लांबीने चुकणार. म्हणून तपासात एकेका साक्षीला बिंदू न मानता पट्टा मानतात. निरनिराळ्या जागांवरचे पट्टे जिथे एकमेकांना छेदतात, तिथे शोध घ्यायचा.

मंडळाच्या अहवालाने नेमकं तेच केलं. ४ आणि ५ नंबरच्या पिशव्यांच्या आसपास गळती, वरच्या मागच्या भागात हायड्रोजन आणि हवेचं मिश्रण, पहिली ज्वाळा वरच्या पंखाच्या थोडी पुढे. वॉर्डचं थरथरतं कापड, डावीकडच्यांनी पाहिलेली ज्वाळा आणि लाउचा आतला उजेड, हे तीन पट्टे तिथे भेटतात.

वॉर्डच्या साक्षीत मात्र एक सापळा आहे. कापड थरथरलं हे निरीक्षण. आतून निसटलेला वायू कापडाला ढकलत होता, असं त्याला वाटलं, हा निष्कर्ष. मागच्या इंजिनाच्या पंख्याचा झोतही कापड हलवू शकतो. अनुभवी साक्षीदाराचा धोका हाच असतो. तो निरीक्षण आणि अर्थ एकाच वाक्यात गुंफून देतो आणि अर्थही ऐकायला पटणारा असतो.

## रंग, आवाज आणि वेळ

रंगावरून १९९७ साली मोठा वाद झाला. अमेरिकेच्या नासामध्ये हायड्रोजनवर काम केलेले अ‍ॅडिसन बेन यांनी मांडलं की दोष हायड्रोजनचा नसून कापडावरच्या रंगाचा होता. त्यात अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि लोहाचा ऑक्साइड होता. त्यांचा एक मुद्दा साक्षींवर उभा होता: हायड्रोजनची ज्वाळा जवळजवळ दिसतच नाही, आणि इथे तर लोकांनी झगझगीत लाल-पिवळी आग पाहिली.

साक्ष खरी, अनुमान कच्चं. शुद्ध हायड्रोजनची ज्वाळा फिकी असते हे बरोबर. पण तिच्यात कापड, रंग, पिशव्यांचं अस्तर, सांगाडा असं सगळं तापत आणि जळत असेल तर दिसणारा रंग त्या वस्तूंचा असतो. लाउने पाहिलेला पहिला उजेडही पिशवीच्या पडद्यातून गाळून आलेला. शिवाय रंगवलेलं कापड एकटं जळायला फार वेळ घेतं. २४५ मीटरचं जहाज त्याच्या जोरावर अर्ध्या मिनिटात जाणार नाही. रंगाचा आगीत वाटा होता, पण मुख्य इंधन हायड्रोजनच होतं.

आवाजाचं गणित सोपं, पण साक्ष घेताना हमखास विसरलं जातं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एक किलोमीटरवरच्या माणसाला स्फोट तीन सेकंद उशिरा ऐकू येतो. तेवढ्यात जहाजाच्या शेपटीची दैना झालेली असते. तो म्हणणार, ‘आधी आग पाहिली, मग स्फोट झाला.’ आणि ज्याने आवाज ऐकून मान वळवली, तो म्हणणार, ‘आधी स्फोट.’ हे दुसरे साक्षीदार सगळ्यांत जास्त असतात. त्यांनी सुरुवात पाहिलेलीच नसते. मेंदू ती नंतर भरून काढतो.

वेळेच्या बाबतीत माणसाने सांगितलेला आकडा जवळजवळ कधीच घेऊ नये. भीतीच्या प्रसंगात सेकंदांची मिनिटं होतात. पण कृतीचं तसं होत नाही. प्रिन्स्टनचे एक प्राध्यापक पत्नी आणि मुलासह तळाच्या फाटकाबाहेर उभे होते. दोर टाकल्यावर मिनिटभराने जहाजाच्या कण्यावर फिकी निळी ज्योत सरकताना दिसली, असं त्यांनी सांगितलं. ते पत्नीला म्हणाले, अगं, जहाज पेटलंय! तिने विचारलं, कुठे? ते म्हणाले, वरच्या कण्यावर. तेवढ्यात मोठी ज्वाळा उसळली. ही हकीकत रोझेंडाल यांनी नोंदवून ठेवली आहे. ‘मिनिटभर’ हा आकडा इतर नोंदींशी जुळत नाही, कारण दोर आणि आग यांत सुमारे चार मिनिटं गेली होती. पण तो संवाद हेच घड्याळ. तीन छोटी वाक्यं बोलायला चार-पाच सेकंद लागतात. म्हणजे निळी ज्योत मोठ्या आगीच्या काही सेकंद आधी होती, एवढं धरता येतं.

ती निळी ज्योत म्हणजे सेंट एल्मोची आग असावी. वादळी हवेत उंच टोकांवरून वीज हळूहळू झिरपते तेव्हा असा निळसर उजेड दिसतो. मंडळानेही मिश्रण पेटायला अशाच मंद विद्युतविसर्जनाची शक्यता सर्वांत जास्त मानली. मग ही ज्योत जवळच्या दोनशेहून जास्त माणसांना का दिसली नाही? एक कारण सरळ आहे: ते जहाजाच्या खाली होते. पाठीचा कणा दिसायला लांबच उभं राहावं लागतं.

## ‘पण त्याची तर फिल्म आहे ना?’

आहे, आणि तिच्यात आगीची सुरुवात नाही. न्यूजरीलवाल्यांची चार पथकं तिथे होती, वृत्तपत्रांचे छायाचित्रकार होते, एक हौशी प्रेक्षकही चित्रण करत होता. पहिला क्षण कोणाकडेच नाही. जहाज बांधून ठेवायचं काम नाकाकडे आणि दोरांकडे चालतं, म्हणून सगळे कॅमेरे तिकडे, आणि आग लागली जवळजवळ २०० मीटर मागे. दोर धरणाऱ्यांचं लक्षही दोरावरच होतं. लक्ष नसलेल्या जागेचं चित्रण नसतं, तशी आठवणही नसते.

फिल्म दुसऱ्या अर्थाने त्रासदायक ठरते. ती पाहिल्यावर साक्षीदाराला स्वतः पाहिलेलं आणि पडद्यावर पाहिलेलं वेगळं करता येत नाही. रेडिओ निवेदक हर्बर्ट मॉरिसन यांचं रडवेलं वर्णन सगळ्यांनी ऐकलेलं असतं. लोक त्याला थेट प्रसारण समजतात, पण ते ध्वनिमुद्रण होतं आणि दुसऱ्या दिवशी प्रसारित झालं. पुढे ते फिल्मला जोडलं गेलं आणि दोन वेगळ्या साक्षी एकच असल्यासारख्या वाटू लागल्या. त्या चित्रणाकडे पाहून कोणीही म्हणेल की यातून कोणी वाचलं नसणार. प्रत्यक्षात ९७ पैकी ६२ जण वाचले.

मग फिल्मचा उपयोग काय? आग किती वेगाने पुढे सरकली, जहाज कोणत्या क्षणी कुठे मोडलं, हे तिच्यातून मोजता येतं. साक्षीदार सुरुवात देतात आणि फिल्म त्यानंतरचा वेग देते.

## साक्षीदारच एका बाजूचे वाचले तर? आर-१०१

हिंडेनबर्गच्या सात वर्षं आधी, ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे दोननंतर, ब्रिटिशांचं आर-१०१ हे एअरशिप फ्रान्समधल्या बोव्हेजवळ कोसळलं. ते निघालं होतं कराचीला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच. जहाजावर ब्रिटनचे हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन होते, जन्म नाशिकचा. आणि चौकशीचे अध्यक्ष होते सर जॉन सायमन, तेच ते, ज्यांना १९२८ साली मुंबई बंदरापासून ‘सायमन गो बॅक’ ऐकावं लागलं होतं. इथे मात्र त्यांनी काम चोख केलं, हे मान्य करावं लागेल.

५४ पैकी शेवटी सहा वाचले. हॅरी लीच, आर्थर डिस्ले आणि इंजिनांवरचे चौघे. अडचण अशी की हे सगळे जहाजाच्या मध्यभागी किंवा मागे होते. नियंत्रण कक्षातला एकही नाही, नाकाकडचा एकही नाही. बिघाड पुढे झालेला आणि साक्षी सगळ्या मागच्या.

मग चौकशीने त्यांना ‘काय बिघडलं’ हे विचारण्याऐवजी ‘काय जाणवलं’ ते विचारलं. लीच धूम्रपान कक्षात बसला होता. जहाज नाकाकडे कललं तसे टेबलावरचे ग्लास आणि सोड्याचा सायफन घसरले. जहाज सावरलं, त्याने ते उचलले, आणि मग पुन्हा नाक खाली गेलं. एका इंजिनवाल्याचा तोल गेला. इंजिनांना ‘मंद’ चा हुकूम आला. घसरणाऱ्या सायफनवरून उताराचा अंदाज येतो, उचलण्याच्या कृतीवरून वेळेचा, आणि हुकूम कोणत्या डुबकीनंतर आला त्यावरून क्रमाचा. बाहेर सशांसाठी फासे लावत बसलेल्या राबुई नावाच्या फ्रेंच माणसाने शेवटचं खाली येणं पाहिलं होतं. जहाजाच्या आतल्यांचं म्हणणं त्याच्याशी ताडून बघता आलं.

मग हे सगळं ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या गणिताला जोडलं. पुढच्या पिशवीतून वायू गेला असं धरलं तर जहाजाचा मार्ग कसा येतो? सुकाणूचा दोष धरला तर कसा? दोन डुबक्या, मधलं सावरणं आणि शेवटची मंद धडक हे सगळं एकत्र बसतं ते पुढचं कापड फाटून पुढच्या पिशवीतला बराच वायू गेला असं धरल्यावर. नाकाकडचं कोणीही जिवंत नसताना नाकाकडचं कारण असं हाती आलं. आग नेमकी कशाने लागली हे मात्र चौकशीला ठरवता आलं नाही, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहिलं.

## शंभर जण एकच सांगत असतील तर ते खरंच, नाही का?

नाही. न्यूयॉर्कला १२ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं विमान पडलं. अमेरिकेच्या तपास मंडळाने ३४९ जणांचे जबाब जमवले. ५२ टक्के म्हणाले, हवेतच आग दिसली. १८ टक्के म्हणाले विमान उजवीकडे वळलं, आणि तेवढेच १८ टक्के म्हणाले डावीकडे. तपासात निघालं की शेपटीचा उभा पंखच तुटला होता. ज्या ५७ टक्के लोकांनी ‘काहीतरी सुटून पडलं’ एवढंच सांगितलं, ते कारणाच्या सर्वांत जवळ होते. साक्षी म्हणजे मतदान नव्हे. कोपऱ्यावर उभ्या एकाला दिसलेली गोष्ट गर्दीतल्या दोनशेंना न दिसलेली असू शकते.

प्रश्न विचारण्याने तर आठवण चक्क बदलते. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांची चित्रणं दाखवली. ‘गाड्या एकमेकींना धडकून चुराडा झाल्या तेव्हा वेग किती होता?’ असं विचारलेल्यांची सरासरी आली ताशी ४० मैलांहून थोडी जास्त. ‘टेकल्या तेव्हा’ असं विचारलेल्यांची ३१.८. चित्रण तेच. मग वाहिनीवरच्या ‘स्फोट किती मोठा होता हो?’ या प्रश्नाने काय होत असेल?

## आज जबाब कसा घेतात

पहिली गोष्ट, लवकर आणि वेगवेगळं बसवून. साक्षीदार एकत्र चहा प्यायले की दोन आठवणींची एक होते. दुसरी, आधी त्याला अखंड बोलू द्यायचं. मध्ये तोडायचं नाही, ‘मग आग कुठून आली?’ असं विचारायचं नाही, ‘पुढे काय दिसलं?’ एवढंच. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइझेलमन यांनी १९८० च्या दशकात घडवलेल्या मुलाखतीच्या पद्धतीत तर आधी जागा, हवा, अंगावरचे कपडे, त्या वेळी चाललेलं काम आठवायला लावतात. त्यातून तपशील परत येतात.

मग त्याला तो उभा होता त्याच जागी न्यायचं. होकायंत्राने दिशा आणि कोनमापकाने उंचीचा कोन घ्यायचा. तोंडी कोन घेऊ नये. क्षितिजापासून ३० अंशांवरची वस्तू लोक बिनदिक्कत ४५ अंशांवर सांगतात. झाडं, तारा, इमारतीच्या कडा यांच्या संदर्भाने दाखवायला सांगितलं तर चूक कमी होते. हातात विमानाची छोटी प्रतिकृती दिली की ‘असं तिरकं होतं’ हे शब्दांपेक्षा चांगलं कळतं. तिथून काय दिसत नव्हतं, हेही लिहायचं. नियंत्रण कक्षातल्या अधिकाऱ्यांना शेपटीबद्दल विचारण्यात अर्थ नसतो, हे याच नोंदीमुळे कळतं.

शेवटी साक्षीदाराचा हितसंबंध. हिंडेनबर्गच्या बाबतीत प्रूस आणि रोझेंडाल घातपाताच्या बाजूला झुकले. दोघांचं आयुष्य एअरशिपमध्ये गेलेलं. जहाजात किंवा ते उतरवण्यात दोष निघण्यापेक्षा घातपात त्यांना सोयीचा होता, असं म्हणायला जागा आहे. त्यांनी खोटं सांगितलं असा याचा अर्थ नाही. पण त्यांच्या ‘मला वाटतं’ ला वजन किती द्यायचं, हे यावरून ठरतं. घातपाताचा पुरावा ना मंडळाला मिळाला, ना एफबीआयला.

## आणि तुम्हीच पाहिलंत तर?

कोणाशीही बोलण्याआधी आणि बातम्या पाहण्याआधी कागदावर लिहा. कुठे उभे होतात, काय करत होतात, मान का वळली, आवाजाने की उजेडाने? आधी काय आणि नंतर काय? सेकंदांचा अंदाज नको, त्या वेळात तुम्ही काय केलंत ते लिहा. ‘इंजिन पेटलं’ असं लिहू नका, ‘डाव्या पंखाच्या जवळ केशरी उजेड’ असं लिहा. दिसलं नसेल तर ‘दिसलं नाही’ असं लिहा, तीही माहितीच असते. भारतात नागरी विमान अपघातांचा तपास विमान अपघात अन्वेषण ब्युरो करतो, त्यांना हा कागद वाहिनीच्या मुलाखतीपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो. व्हिडिओ घेतला असेल तर मूळ फाइल फोनवर तशीच ठेवा. कापू नका, संगीत घालू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेल्या प्रतीत चित्र दाबलं जातं आणि वेळ-ठिकाणाची मूळ नोंद बहुधा निघून जाते.